रिकाम्या पिशवीचं वजन

शाळेच्या जिन्यात तिच्या हातातला तराजू त्याच्या खांद्यावर आदळला आणि माफी मागण्याऐवजी ती म्हणाली, "दांडी वाकली नाही ना?"

"खांद्याची चौकशी नंतर करणार का?" हस्तकलेच्या सरांनी विचारलं.

"खांदा आपोआप बरा होतो."

ती बीजगणित शिकवी. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र त्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेला होता. का बदलतं, असं विचारणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करण्याची विद्वत्तापूर्ण परंपरा मुख्याध्यापक प्राणपणाने जपत होते. समीकरण तराजूवर मांडायचं तिने ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे गणित आहे, वाण्याचं दुकान नव्हे. सोमवारी माझ्यासमोर पाठ घ्या. फसला, तर वर्ग दुसऱ्याकडे."

हस्तकलेच्या सरांनी 'क्ष'साठी पिशव्या शिवल्या — आतले मणी चाचपून कळू नयेत म्हणून चांगल्या जाड कापडाच्या. तो शिवी, ती मणी भरी. जवळ बसलं की उजेड बरा पडतो, हे कारण दोघांनाही पटलं होतं.

सोमवारी डाव्या पारड्यात दोन बंद पिशव्या आणि तीन सुटे मणी, उजव्यात अकरा. प्रत्येक पिशवीत चार मणी तिने स्वतः भरले होते. तरी डावं पारडं खाली गेलं... मुख्याध्यापक समाधानाने खाकरले. दारात उभ्या सरांचा चेहरा पडला.

तिचा पडला नाही. "तराजू खोटं बोलत नाही," ती मुलांना म्हणाली. "आपण काय धरायचं विसरलो?"

मग मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "पिशवीचं वजन, बाई! तिकडेपण दोन रिकाम्या ठेवा!"

दांडी सरळ झाली. दोन्हीकडचे तीन-तीन मणी निघाले, उरलं ते निम्मं झालं, उत्तर आलं चार.

"हं. चालू द्या," मुख्याध्यापक म्हणाले, त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नव्हती.

संध्याकाळी सरांच्या टेबलावर तोच तराजू होता, एका पारड्यात एक बंद पिशवी.

"ओळखा, आत काय आहे?"

तिने दुसऱ्या पारड्यात रिकामी पिशवी ठेवली. दांडी सरळच राहिली.

"काहीच नाही?"

"अंगठी ठेवणार होतो," तो खिळ्यांच्या डबीकडे बघत म्हणाला. "पण म्हटलं, आधी विचारावं... तुम्ही नाही म्हणालात तर —"

"एकच आणणार होतात?"

"हो... का?"

"सर, दारात उभे राहून काय शिकलात तुम्ही?" तिने दोन्ही पिशव्या उचलून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "एकीकडे जेवढं टाकलं, तेवढंच दुसरीकडे. दोन आणा."

दारापर्यंत जाऊन ती वळली.

"आणि... खांदा कसा आहे?"