आनुत्साने नवरी पळवली

"अगं, ओढा आटलाय!" तोदेर खडकावरून ओरडला. "मासे नुसते तडफडतायत. टोपली आण, टोपली!"

आनुत्सा धावत आली, पण माशांकडे तिचं लक्षच गेलं नाही. आठवडाभर पाऊस पडत होता, आत्ताही भुरभुरत होता. आणि ओढ्यात मात्र घोटाभर पाणी!

"मिरुना," तिने मैत्रिणीला विचारलं, "ओप्रेआबाईंनी शाळेत काय शिकवलं होतं गं?"

"सुट्टीत अभ्यास नको हं!" मिरुना म्हणाली आणि तिचाच चेहरा उतरला. "पाऊस चालू असताना ओढा आटला, तर वर पाणी अडलंय. ते फुटायच्या आत उंचावर पळायचं."

आनुत्साच्या बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ओढा उतरला म्हणून ते कुरणात गवत आणायला गेले, वरून लोंढा आला आणि ते परत आलेच नाहीत. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आनुत्साला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ना रडू, ना भीती. आज सख्ख्या बहिणीचं लग्न, तरी तिला काही वाटत नव्हतं.

तिघं खिंडीकडे पळाली. तिथे ओंडके आणि फांद्या अडकून चक्क बांध झाला होता, आणि मागे गढूळ पाणी तुडुंब! प्रत्येक ओंडक्यावर लाल खूण होती. ती ग्रिगोरेकाकांच्या लाकडाच्या गिरणीची.

हेच ग्रिगोरेकाका आज नवरानवरीचे धर्मपिता, लग्नातले सगळ्यात मोठे मानकरी. ओढ्याकाठच्या कुरणातच तंबू ठोकला होता आणि काका कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या सारमालेवर ताव मारत होते.

"काका, खिंडीत पाणी तुंबलंय! सगळ्यांना वर न्या!" तोदेर ओरडला.

"तुंबलंय? अरे, ओढा तर आटलाय!" काका खो खो हसले. "पाद्रीबाबांनी सकाळी घंटा वाजवून वादळी ढग पळवले ना! जा, केक खा."

तोदेर रडकुंडीला आला. "आपलं कोण ऐकणार? बाईसुद्धा माहेरी गेल्यात!"

"नवरी पळवू या," आनुत्सा शांतपणे म्हणाली.

"आपण? लग्नात गंमत म्हणून नवरी पळवतात, पण ती नवऱ्याचे मित्र!"

"कुणीही पळवली तरी दंड भरून सोडवून आणावीच लागते. नाहीतर धर्मपित्याचं नाक कापलं जातं."

ती तंबूच्या मागून आत शिरली. "ताई, पाऊस आहे आणि ओढा आटलाय."

सावेताताईला पुढे काही सांगावं लागलं नाही. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि निघाली.

थोड्या वेळाने मिरुना बाकावर चढली. "नवरी पळवली! टेकडीवरच्या शाळेत आहे! दंड ऐका. सगळ्या वऱ्हाडाने शाळेच्या अंगणात येऊन नाचायचं! आजी, वाजंत्री, आचारी, तान्ही बाळंसुद्धा! एक जरी माणूस खाली राहिला, तर नवरी मिळणार नाही!"

एकच हशा पिकला. "कार्टी भारीच आहेत!" म्हणत काका उठले. "चला रे! आजीला खुर्चीसकट उचला!"

गात, ओरडत वरात टेकडी चढली. आजीची खुर्ची अंगणात टेकली, नाचासाठी गोल जमू लागला, आणि डोंगरातून गडगडाट आला. तंबू, टेबलं, केक, सगळं लोंढ्याने ओढून नेलं. मागोमाग लाल खुणांचे ओंडके वाहत गेले.

काकांनी टोपी काढली. "माझीच लाकडं," ते पुटपुटले. "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत. रानात ओढ्याकाठी टाकलेली बाकीची सगळी उद्या उचलतो."

"उद्या कशाला? आजच!" आजी कडाडली. मग तिने तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे माझ्या वाघांनो! बाई आल्या की आधी त्यांच्या पाया पडणार आहे मी!"

जो तो पाठ थोपटत होता. आनुत्साला तरीही काहीच वाटत नव्हतं.

चिखलाने भरलेला झगा सावरत सावेताताई आली आणि तिने हात पुढे केला. "दंड राहिलाय ना? चल, नाच."

आनुत्साने खाली पाहिलं. कुरणभर पाणी होतं, आणि या वेळी त्यात कुणीच नव्हतं. तिला एकदम हुंदका फुटला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती रडली, आणि रडत रडतच ताईबरोबर नाचली.