अठ्ठावीस अंश

डार्मश्टाटच्या वसतिगृहातल्या फ्रीजमध्ये मराठी अक्षरं दिसली आणि सुनेत्रा हरखलीच. दह्याच्या डब्यावर लिहिलं होतं – ‘हात लावू नये.’ जर्मनीत येऊन जेमतेम आठवडा झालेला. तिनं झाकण उघडलं.

आत अळ्या वळवळत होत्या!

किंकाळी ऐकून एक उंच मुलगा धावत आला. “वाचता येत नाही का?”

“येतं, म्हणून तर उघडला! हे… तुम्ही खाता?”

“मी नाही हो. माझ्या पाली खातात.”

तो चारुदत्त. सोलापूरचा, पीएचडी करणारा. त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या पाली होत्या… लेपर्ड गेको. सुनेत्रा आधी दारातूनच बघायची. मग खुर्चीवर बसून. महिन्याभरात ‘अहो’चं ‘अरे’ झालं.

“यांना पापण्या असतात. बघ, डोळा मारतेय तुला.”

“पालीनं मारून काय उपयोग!” ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

२००६च्या मे महिन्यात मादीनं दोन अंडी घातली. चारूनं ती उबवणीच्या पेटीत ठेवली आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं खूण केली. “ही बाजू वरच हवी. अंडं उलटलं, की पिल्लू दगावतं.”

त्याच आठवड्यात त्याला रेगेन्सबर्गला नोकरी लागली. पाली त्याच्याबरोबर निघाल्या; अंड्यांना प्रवासाचे हिसके सोसवले नसते.

“तू सांभाळशील? पिल्लं निघाली, की न्यायला येईन.”

आणि नाही निघाली तर? तर तो कशाला येईल? हे तिनं विचारलं नाही.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

“तापमान?”

“अठ्ठावीस.”

“आणि तुझं?”

“…सदतीस. बरी आहे मी.”

तिसऱ्या आठवड्यात एक अंडं खचलं. ती फोनवर रडली. उरलेल्या एकाला तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी कवच फाटलं… आणि पट्ट्यापट्ट्यांचं, बोटाएवढं पिल्लू बाहेर!

दुपारी चारू चार जिने धावत चढून दारात उभा. धापा टाकत.

“यांच्यात नर की मादी ते तापमानावर ठरतं. अठ्ठावीस अंशांवर बहुतेक मादीच. दोघी… याल रेगेन्सबर्गला? ती तुझ्याशिवाय जेवायची नाही.”

“फक्त तीच?”

“…मीही.”

एके काळी किंचाळलेल्या त्या मुलीनं पिल्लू अलगद तळहातावर घेतलं. चारूनं तिच्या हाताखाली आपला हात धरला.

“तापमान?” त्यानं हळूच विचारलं.

“वाढलंय,” सुनेत्रा म्हणाली. “दोघी येतो.”