साडेसदतीस अंश

“तो मला हवाय,” मी म्हणाले आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

सुट्या भागांच्या त्या अरुंद दुकानात थर्मोस्टॅट एकच उरला होता. दुकानदाराने तो काढला होता माझ्या शेजारच्या माणसासाठी. त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती, बाहीवर तेलाचा डाग आणि डोळ्यांत उगाचच हसू.

“मलाही हवाय,” तो म्हणाला. “फुलवाल्याचा फ्रिज बंद पडलाय. तुमचं काय बंद पडलंय?”

“बदक.”

तो माझ्याकडे बघतच राहिला.

“म्हणजे... कुत्र्याने नेलं. नुकतंच अंड्यांवर बसायला लागलं होतं. अंडी आता गरम पाण्याच्या पिशवीशेजारी कापसात ठेवलीयेत, पण असं किती वेळ चालणार? पेटी तयार आहे, बल्ब आहे, पंखा आहे, फक्त उष्णता धरून ठेवायला...”

त्याने थर्मोस्टॅट माझ्याकडे सरकवला. “फुलं उद्यापर्यंत थांबतील. पण एक अट. बसवून मी देणार. आयुष्यभर वस्तू गारच करत आलोय हो... एकदा काहीतरी गरम ठेवून बघू दे.”

घरी आत्या होती. घसरून पडल्यापासून तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि ती आतल्या खोलीत पलंगावर. ते बदक तिने तळहाताएवढं असल्यापासून वाढवलं होतं. ते गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं, ताट अर्धं परत यायला लागलं. “अंडी मी उबवते,” असं मी म्हणाले तेव्हा कुठे ती वळली.

“तू? तुझं साधं दूध उतू जातं.”

पण त्या संध्याकाळी ती जेवली. आणि मला भीती वाटायला लागली ती तिथपासून. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथे चूक झाली तर दुसरा नमुना मागवता येतो. इथे दुसरं काही मिळणार नव्हतं. सहा अंडी होती, फिकट हिरवट, आणि त्यांच्याकडे कान लावून पडलेली माझी आत्या.

मेकॅनिकने थर्मोकोलच्या पेटीत थर्मोस्टॅट बसवला. आकडा साडेसदतीसवर येऊन थांबला. मी पाण्याची वाटी आत ठेवली, अंड्यांच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली मारली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवताना चुकायला नको.

“रोज तपासावं लागेल,” तो पिशवी आवरत म्हणाला. “नवीन भाग आहे... सेटिंग हलतं कधी कधी.”

“रोज?”

“रोज. संध्याकाळी येत जाईन.”

तो येत गेला. पेटीच्या बाजूचा बारीक स्क्रू जरासा फिरवायचा, आकड्याकडे गंभीरपणे बघायचा, आणि जाताना तेवढाच उलटा फिरवायचा. मी काही बोलले नाही.

“कोण आलंय गं?” आत्या आतून विचारायची.

“मेकॅनिक, आत्या.”

“परत? काय रे, तू पेटी केलीयेस की विमान?”

“विमान सोपं असतं, आत्या,” तो ओरडून सांगायचा.

एका संध्याकाळी आम्ही दिवा बंद करून अंड्यांमागे टॉर्च धरला. कवचाच्या आत लालसर उजेड, त्यात केसांसारख्या शिरा, आणि मधोमध एक गडद ठिपका... तो हलला. खरंच हलला. भानावर आले तेव्हा मी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

“सॉरी,” मी म्हणाले.

“नाही... म्हणजे... चालेल,” तो म्हणाला. आणि घाईघाईने निघून गेला. त्याची टोपी आमच्याकडेच राहिली.

सकाळी पेटीवरचा आकडा एकोणचाळीस होता.

मी झाकण उघडलं, बल्ब बंद केला. मग एकेका अंड्यामागे टॉर्च धरला. चार अंड्यांत हालचाल होती. दोन अंड्यांत नव्हती. तिथे शिरा पुसट झाल्या होत्या आणि ठिपका तळाशी जाऊन बसला होता. बराच वेळ मी टॉर्च धरूनच होते.

तो आला तेव्हा मी फक्त आकड्याकडे बोट दाखवलं. त्याने स्क्रूला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

“काल उलटा फिरवायचा राहिला,” तो हळूच म्हणाला. “खरं सांगू? रोज तपासायची गरजच नव्हती. पहिल्याच दिवशी नीट बसला होता तो. मी नुसता...”

“माहीत आहे.”

“काय?”

“दुसऱ्या दिवशीच लॅबमधला थर्मामीटर आणून आत ठेवला होता मी. आकडा जागचा हलत नव्हता.”

“मग बोलला का नाहीत?”

काय सांगणार होते? मी बोलले असते तर ती दोन अंडी जिवंत असती. मी बोलले असते तर तो आला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यातली एकही सांगायचा मला धीर होईना.

“तुम्ही आता येऊ नका,” मी म्हणाले.

तो गेला. टोपी तेवढी घेऊन गेला.

आत्याला सांगताना मला रडू फुटलं. ती म्हणाली, “चार आहेत ना? मग रडत काय बसलीस, जा, फिरव ती.”

मी फिरवत राहिले. फुली, गोल. फुली, गोल. लॅबमधून धावत यायचं, आकडा बघायचा, वाटीत पाणी घालायचं. जिन्यावर पावलं वाजली की मी दाराकडे बघायचे, आणि ती पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, झाकणही उघडायचं नसतं. नुसतं झाकणात बसवलेल्या काचेतून बघायचं. रविवारी सकाळी एका अंड्याला टवका उडालेला दिसला. आतून बारीक आवाज आला – पी... पी... आत्याने तो पलंगावरून ऐकला.

पण दुपार झाली तरी टवका तेवढाच होता. आवाज मात्र क्षीण होत चालला.

दार वाजलं. तो उभा होता, पिशवीसकट.

“आत्यांचा फोन आला होता. फ्रिज बंद पडलाय म्हणाल्या.”

आमच्या मागे फ्रिज मस्त घरघरत होता. दोघांनीही तो ऐकला. मी बाजूला झाले.

तो पेटीसमोर, माझ्या शेजारी, जमिनीवर बसला. स्क्रूकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“ओढून काढायचं नसतं,” मी म्हणाले. “आतल्या पापुद्र्यात अजून रक्त फिरत असतं. घाई केली तर तेच वाहून जातं.”

“मग चिमटा कशाला घेतलाय हातात?”

मी बघितलं. लॅबचा चिमटा खरंच माझ्या हातात होता.

“सवय...”

“द्या इकडे.”

“पण त्याचा आवाज कमी झालाय! दमलं असेल ते... नुसता एक तुकडा, कडेचा...”

माझा हात झाकणाकडे गेला. त्याने चिमटा काढून घेतला आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून ठेवले. त्याचे तळवे खरखरीत होते, गरम होते.

“मलाही भीती वाटतेय,” तो म्हणाला. “माझ्यामुळे हेही गेलं तर...”

“आपल्यामुळे,” मी म्हणाले.

आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मग टवक्यापाशी एक तडा गेला. थोडा वेळ काहीच नाही. मग आणखी एक, त्याच्या पुढे... तडा अंड्याभोवती गोल फिरत गेला, टोपण सुटलं, आणि ओलंचिंब, मान टाकलेलं काहीतरी बाहेर घरंगळलं.

ते हललं नाही.

माझे हात सुटायला बघत होते. त्याने सोडले नाहीत.

मग चोच उघडली.

“झालं का गं?” आतून आत्या ओरडली.

“झालं, आत्या!” तोच म्हणाला. “एक झालं!”

आतून आत्याचा भरून आलेला आवाज, “पाय हलवतंय का? दोन्ही?”

“दोन्ही!”

“आता सोडा हात,” मी म्हणाले.

“अजून तीन अंडी आहेत. तुमचा भरवसा नाही.”

मी हसले, आणि हसता हसता पुन्हा तीच जुनी भीती वाटली. ती तीनही निघतील. मग पेटी बंद होईल. बल्ब काढून ठेवू. तो पिशवी उचलेल... या वेळी मी गप्प बसणार नव्हते.

“पुढच्या रविवारी या,” मी म्हणाले.

“काय दुरुस्त करायचंय?”

“काहीच नाही.”

त्याने पेटीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

“मग वेळ लागेल,” तो म्हणाला. “सकाळीच येतो.”