दोनच पानं राहिली

अकोटच्या रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात वाचनालय होतं, आणि गावाला त्याचा कोण अभिमान! सरकी साठवायची जुनी खोली, दोन कपाटं, एक लांब बाक. आणि ते चालवणारी माणसं सगळी बिनपगारी. संध्याकाळी शाळा सुटली की कमलाकांत गुरुजी कुलूप काढून बसायचे. दुपारची जबाबदारी गोदावरीची. वकिलाची ही विधवा. पदरी एकुलती एक मुलगी, चारुशीला. गाव गोदावरीला नुसतं 'बाई' म्हणायचं.

बायकांनी वाचनालयात येऊन बाकावर बसणं १९५६ सालच्या त्या गावाला झेपणारं नव्हतं. म्हणून दुपारी पुरुषमंडळी आडवी झाली की गोदावरी पिशवीत पुस्तकं भरून घरोघर पोचवायची. आणि कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तर उशाशी बसून वाचूनही दाखवायची. वाचायची फार सुरेख. घाई नाही, नाटकीपणा नाही. पान उलटण्याआधी क्षणभर थांबून आवंढा गिळायची, तेवढी एक सवय. घरी परतेपर्यंत आवाज पार बसलेला असायचा. मग कोनाड्यातल्या डबीतून खडीसाखरेचा खडा काढायचा, गालात धरायचा आणि चहाला लागायचं.

गुरुजींचा दंडक एकच होता. आजाऱ्याजवळ सुरू केलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही. पुढं काय झालं म्हणून माणूस उद्याची वाट बघतो, तेवढंच त्याला औषध, असं ते म्हणायचे.

पुस्तक वाचून संपलं त्याच संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या दुर्गाबाई गेल्या, तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. पिकलं पान होतं. मग म्हातारे पोस्टमास्तर गेले, तेही पुस्तकाचं शेवटचं पान ऐकून. त्यांच्यामागून आणखी एकजण गेला, आणि विहिरीवर बायका कुजबुजायला लागल्या. गुरुजी हसले. मरणाऱ्यांच्याच उशाशी तुम्ही बसता, ती माणसं मरतात यात नवल ते काय, म्हणाले. गोदावरीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा ना.

वैशाखात एका दुपारी खुशालराव दारात येऊन उभा राहिला. चांगला काळ्या जमिनीचा धनी, पण मान वर होईना. त्याची आई मैनाबाई लकवा होऊन पडली होती. पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि प्राण काही सुटत नव्हता.

"बाई, माय लय हाल काढून राहिली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमी या आमच्याकडं." मग जमिनीकडे बघत, "...लहानसंच पुस्तक आणा."

गोदावरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हाकलूनच द्यायची ती त्याला. पण चारूच्या जन्माला मैनाबाईनं हातानं गोधडी शिवून दिली होती. शिवाय मनात आलं, एकदा हे खोटं ठरूनच जाऊ दे. ती एक लहानसं गोष्टींचं पुस्तक घेऊन गेली.

मैनाबाईची वाचा गेली होती. ती नुसती गोदावरीच्या ओठांकडे बघत पडायची. खिडकीच्या ओल्या वाळ्याचा वास, जखमांचा वास, आणि पुस्तकाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा. शेवटची ओळ वाचून गोदावरीनं पुस्तक मिटलं. मैनाबाईनं श्वास सोडला, तो परत घेतलाच नाही. खुशालराव वाकला. आईच्या नव्हे, गोदावरीच्या पायांवर.

तिनं वाचनालयात जाऊन पिशवी गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. ह्यापुढं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, एवढंच म्हणाली.

पण घरात एक पुस्तक अर्धवट होतं. हिवाळ्यापासून ती चारूला एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होती. शेवटचं प्रकरण राहिलं होतं, तिथं जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी खुणेला घातलेली होती. आणि मिरगाच्या तोंडावर चारूला मुदतीचा ताप भरला.

गोदावरीनं आधी ती कादंबरी उचलली, वाचनालयाच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली. डॉक्टर नंतर बोलावला.

"आई, गावभर वाचत फिरलीस," चारू ग्लानीत म्हणायची, "मलाच काहून नाही? त्या मुलीचं पुढं काय झालं, एवढं तरी सांग."

"बरी हो. मग सगळं वाचीन."

अकोल्याहून आलेले डॉक्टर म्हणाले, ताप उतरणीला लागलाय, चारदोन दिवसांत पोरगी उठून बसेल. त्या दिवशी गोदावरी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. दुपारी शेजारच्या इंदूबाईला ओसरीवर बसवून ती औषध आणायला दवाखान्यात गेली.

येताना गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जिनिंग गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, ऊन नुसतं डोळ्यांत खुपत होतं. आणि त्या शांततेत कुणीतरी वाचत होतं. बाईचा आवाज, संथ, स्वच्छ. गोदावरीच्या मनात आलं, किती छान वाचते ही... मग आवाज क्षणभर थांबला. आवंढा गिळला. पान उलटलं.

तिच्या हातातली बाटली निसटून फुटली. ती पळत सुटली.

ओसरीवर इंदूबाई गहू निवडत बसली होती. तिनं मान वर करून गोदावरीकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप कलंडलं.

"बाई... तुमी कवा बाहेर गेल्या? आत तं वाचून राह्यल्या होत्या..."

आत कुणी नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास मात्र खोलीभर कोंदला होता. चारूच्या चेहऱ्यावर कधी नव्हे एवढं समाधान होतं.

"आई," ती म्हणाली, "शेवट किती छान वाचलास गं."

दिवेलागणीला ती गेली. गोदावरीला हंबरडाही फोडता आला नाही. दिवसभरात चार शब्द बोलली नव्हती, तरी तिचा आवाज पार बसला होता. किल्ली पदरालाच होती, कुलूपही जसंच्या तसं, पुस्तक कपाटातच. काठाची ती चिंधी मात्र चारूच्या मुठीत सापडली.

त्यानंतर गोदावरीनं उंबरा ओलांडला नाही. बसलेला आवाज चारदोन दिवसांनी सुटला, पण बोलायला घरात होतं कोण? गुरुजी दोनतीनदा येऊन दाराशी बसून गेले. पाऊस संपला, कापूस फुटला, वेचण्या सुरू झाल्या. तिला दिवस कळत नव्हते. दुपार तेवढी कळायची.

अशाच एका दुपारी खुशालराव आला. डोळे तांबारलेले. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"मायच्या वख्ताले तुमी लय उपकार केले," तो म्हणाला. "मी नाही म्हणत नाही. पण माह्या तापातल्या पोरीले आता बरं वाटून राह्यलं, बाई. सकाळी पेज पेली तिनं... उद्या नोका येऊ."

गोदावरी सरकत उंबऱ्यापाशी आली.

"काल उठताना तुमीच म्हणाल्या न," त्याचा आवाज चिरकला, "दोनच पानं राह्यली म्हून."

तिला ओरडून सांगायचं होतं, मी नाही रे ती. पोरीला उचल, आत्ताच्या आत्ता अकोल्याला ने, तिच्या उशापासून हलू नकोस. ओठ हलले. आवाज फुटला नाही. घसा आतून सोलल्यासारखा दुखत होता, तासन्‌तास वाचल्यावर दुखायचा तसा.

ती गप्प बसलीय असं पाहून खुशालरावनं डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवली. मग उठून, मागं न बघता, उन्हातून निघून गेला.

भिंतीला धरून गोदावरी कोनाड्यापाशी गेली. खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकावा, घसा सुटला तर त्याच्या मागं धावत जावं. चारू आजारी पडायच्या आधी तिनं ती डबी काठोकाठ भरून ठेवली होती, आणि त्यानंतर तिला हात लावला नव्हता.

तिनं झाकण काढलं. डबी रिकामी होती.