सहा खांबांचा घाट

"मॅडम, मिठी मारायची तर दोन्ही हातांनी मारा... घसराल!"

मी शिडीवर होते. टाउन हॉलच्या तिसऱ्या खांबाभोवती टेप गुंडाळून त्याचा घेर मोजत होते. खाली दगडाच्या भुकटीनं पांढराफटक झालेला एक पाथरवट उभा होता. दुरुस्तीच्या कामावरचा.

"मी मोजमाप घेतेय."

"घ्या की. तो काही लाजत नाही."

मी इमारती तपासणारी इंजिनिअर. दर्शनी सहा खांब तसेच ठेवायचे की काँक्रीटमध्ये बुजवायचे, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. आकडे स्पष्ट होते. सहाही खांब मधोमध फुगलेले. वरच्या भारानं, दुसरं काय? मी लिहून दिलं – धोकादायक.

त्या पाथरवटाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. माझा हात धरून दगडावर ठेवला. दगड उन्हानं कोमट होता... त्याचा तळवाही.

"तडा लागतोय कुठे? छिन्नीच्या रेघा बघा, वळणासोबत वळल्यात. हे पोट घडवलेलं आहे, मॅडम. सरळसोट खांब लांबून कंबरेत खंगल्यासारखा दिसतो, म्हणून. माझ्या पणजोबांनी घडवलेत हे."

मी हात काढून घेतला. जरा उशिराच.

घरी सहाही खांबांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. सहा वक्र, एका मिलिमीटरचाही फरक नाही. भार इतका नेटका नसतो.

सोमवारी टाउन हॉलच्या समितीपुढे उभी राहिले. "माझा अहवाल चुकला आहे. मापं बरोबर होती, अर्थ मी चुकीचा लावला. हे खांब जसे आहेत तसेच घडवलेले आहेत."

"तुमच्या नावाला बट्टा लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"लागू दे. खांबांना नको."

खांब वाचले. दुसऱ्या दिवशी तो टाउन हॉलच्या पायऱ्यांवर थांबला होता. चक्क दाढी करून.

"आई विचारत होती, हल्ली रोज आरशासमोर कुणासाठी..."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, एक इंजिनिअर आहे. चुकली तर चारचौघांत ताठ मानेनं सांगते." तो अडखळला. "आणि... माझी आहे, असंही सांगून बसलो."

"मला न विचारता?"

त्याचे कान लालबुंद झाले. "चुकलंच. आता – चारचौघांत विचारू?"

पायऱ्यांवर बरीच माणसं होती. मी मान ताठ केली.

"विचार. मोठ्यानं."