रांजणातली निवळी

पाथर्डीकडच्या त्या गावात पाणी म्हणजे पातळ चिखलच. १९४४ साली मी तिथं शाळामास्तर होतो. आडाचं पाणी रांजणात ओतायचं आणि पुढचं काम निवळीवर सोडायचं, ही तिकडची रीत.

निवळी म्हणजे बोटाच्या पेराएवढा पाण्यातला जीव. काचेसारखी आरपार, डोळे नाहीत, दोन्ही अंगांना बारीक हात. गाळ खायची आणि पाणी नितळ ठेवायची. मुलगी सासरी निघाली की माहेरच्या रांजणातली एक तांब्यातून घेऊन यायची. आम्हा ख्रिस्ती घरांनीही ही रीत सोडली नव्हती. माझी रेबेका पारनेरहून आली तेव्हा बैलगाडीच्या दर धक्क्याला तांब्यावर हात धरत होती. "सवतच आणलीस की गं," मी चिडवायचो.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. पाण्यात टाकायचं लाल औषध माझ्याकडे सोपवलेलं होतं.

"आदी निवळी तांब्यात काडा, मास्तर," शेजारच्या बनुबाईनं दहादा बजावलं.

घरोघरी मी ती काढूनच औषध टाकलं. माझ्या घरी मात्र काढली नाही. रेबेका धुणं घेऊन गेली होती. मी शास्त्र शिकवणारा माणूस. काय होतं ते मला बघायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

ती वर आली. रांजणाच्या कडेला दोन्ही हात टेकून थोडा वेळ राहिली, मग विरघळली. मी सगळं पाणी शेवग्याच्या मुळाशी ओतलं.

"अवं, निवळी कुटं हाय?" परतल्यावर रेबेकानं विचारलं.

"मेली. म्हातारी झाली असेल."

"आननारीच्या आदी न्हाई मरत ती," एवढंच ती म्हणाली.

रांजण मी नव्यानं भरला. पाणी मातकट होतं. सकाळी पाहिलं तर तळ स्वच्छ दिसत होता.

"तुरटी फिरवलीस?"

"न्हाई."

पुढं शाळेतून यावं तर ती रांजणाशी बसलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात. भाकरी तशीच पडलेली असे. पोट भरलंय म्हणायची. तिच्या ओठांच्या कडेला ओला गाळ असायचा. तो मी रुमालानं पुसायचो आणि शरमेनं मेल्यासारखा व्हायचो.

एका रविवारी उपासनेला आमच्या ख्रिस्ती देवळात जाण्याआधी मी सांगून टाकलं. "मीच मारली गं तिला. मुद्दाम."

"मला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? रांजनाला कुनीतरी लागतंच की."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

देवळात आम्ही शेजारी उभे राहिलो. गीतांचं पुस्तक तिच्या हातात होतं. उघड्या पानावर तिनं तळहात पसरून ठेवला होता.

गाताना मी कुठंच अडलो नाही. तळहाताखालची ओळसुद्धा मला नीट वाचता येत होती.