पहिल्या बिस्किटाचा मान

फुस्स्!... सासऱ्यांनी पाठ फिरवून तोंडात फवारा मारला, आणि सुनेच्या काळजावरून जणू सुरी फिरली!

बेकरीचा नियमच होता. भट्टीतून निघालेलं पहिलं बिस्कीट सासऱ्यांनी सगळ्यांसमोर खायचं, मान हलवायची, मगच माल बाहेर. सासऱ्यांना गळ्याचा आजार निघाला, नवऱ्याची नोकरी परगावी, म्हणून शाळेतली नोकरी सोडून ती या धगीपुढे उभी राहिली होती. ते बरे होऊन परतले आणि तेव्हापासून रोज हेच... तिचं बिस्कीट तोंडात घालायचं आणि लगेच फवारा! विष खाल्लेला माणूससुद्धा एवढी घाई करत नाही!

तिने लोणी वाढवलं, साखर घटवली, पीठ बदललं. झोप उडाली, हात स्वस्थ राहीनात, पुसलेलं टेबल ती पुन्हा पुन्हा पुसू लागली. कारागीर तर आता आवाज मोजूनच मालाची प्रत ठरवत. "आज दोनदाच मारला, वहिनी," भट्टीवाला गंभीरपणे म्हणे, "सुधारणा आहे."

आज तीनदा आवाज आला. तिने ॲप्रन काढून आपटला.

"मी चालले, बाबा! दुसरी बाई बघा. माझ्या हातचं एवढं किळसवाणं लागतं, तर सरळ थुंकून टाका ना!"

"थुंकू?" सासरे कसनुसे हसले. "थुंकायला तोंडात काही असावं लागतं, सूनबाई..."

त्यांनी बाटली पुढे केली. तिने दोनदा वाचलं : कृत्रिम लाळ.

"रेडिएशनने आजार गेला, पण जाताना लाळही घेऊन गेला. जन्मभर फुकट मिळाली, तेव्हा किंमत नव्हती गं! आता कोरडं बिस्कीट म्हणजे तोंडात वाळू. टाळूला चिकटतं, हिरड्या सोलवटतात... हे मारलं की कसंबसं उतरतं."

"मग खाता कशाला? सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू खाऊ दिलं असतंस? आणि मी नाही खाल्लं, तर लोक म्हणणार, म्हातारा सुनेच्या हातचं तोंडात घालत नाही. आमच्यासाठी नोकरी सोडलीस तू... एवढा मान तरी राखायला नको?"

तिला हुंदका आवरेना! तिच्या डोळ्यांत एवढं पाणी आणि त्यांच्या तोंडात थेंब नाही... देवाची वाटणीच चुकली होती!

तिने दूध कोमट केलं, त्यात बिस्कीट पार मऊ होईपर्यंत भिजवलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे मिटले. घास हळूहळू, कुठेही न अडखळता खाली उतरला.

"खरं सांगू?" ते चाचरत म्हणाले. "मीठ जास्त आहे. दोन महिन्यांपासून."

"बाबा!" रडता रडताच तिला हसू फुटलं.

"वहिनी, दुसरा ट्रे जळतोय!" भट्टीवाला ओरडला.

"जळू दे!" कधी दोन मिनिटं एका जागी न बसणारी ती सासऱ्यांसमोर स्टुलावर बसली आणि तिने चमचा पुन्हा भरला. अजून अर्धं बिस्कीट उरलं होतं.